अंगठ्याखालची कळ परत आली
कॅम्पान्योलोच्या नव्या ग्रुपसेटचे सायकलपटूंनी स्वागत केले. त्या स्वागतामागचा अर्थ

जून २०२५ मध्ये इटलीतील कॅम्पान्योलो या कंपनीने ‘सुपर रेकॉर्ड १३’ हा रोड सायकलसाठीचा सर्वांत महागडा ग्रुपसेट बाजारात आणला. मागच्या चाकावर तेरा चकत्या, पुढे दोन चेनरिंग, गिअर बदलण्यासाठी कोणतीही वायर नाही आणि कंपनीच्या दाव्यानुसार वजन २,४३५ ग्रॅम. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी दोन चेनरिंग आणि तेरा चकत्यांची वायरविरहित रचना यापूर्वी कोणी विकली नव्हती. एवढे सारे नवे असताना सर्वाधिक चर्चा झाली ती एका जुन्या, नखाएवढ्या गोष्टीची. ब्रेकच्या मुठीच्या आतल्या बाजूला, अंगठ्याखाली असलेली गिअरची कळ परत आली होती.

ही कळ कंपनीने दोन वर्षांपूर्वी स्वतःच काढून टाकली होती. तेव्हा जो नाराजीचा सूर उमटला, त्यानेच ती परत आणली असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. महागड्या ग्रुपसेटवरील प्रतिक्रिया वरवर पाहता ग्रॅम, युरो आणि चकत्यांच्या संख्येभोवती फिरतात. सुपर रेकॉर्डच्या या दोन आवृत्त्यांचा इतिहास मात्र सांगतो की, सायकलपटूचे यंत्राशी असलेले नाते तळहातात आणि बोटांत वसलेले असते. तिथे हात घातला की विक्रीपत्रकातले आकडे मागे पडतात.

ग्रुपसेट म्हणजे काय?

सायकलचा सांगाडा, चाके, हँडल आणि आसन बाजूला केले की जे उरते, त्या सगळ्याला मिळून ग्रुपसेट म्हणतात. हँडलवरच्या मुठी, त्यांना जोडलेले ब्रेकचे व गिअरचे लिव्हर, ब्रेक, पेडलचे दांडे म्हणजे क्रँक, पुढची चेनरिंग, मागच्या चकत्यांचा संच म्हणजे कॅसेट, चेन आणि ती एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे पुढचे व मागचे डिरेलर असे हे कुटुंब असते. चालवणाऱ्याच्या पायातली शक्ती चाकापर्यंत पोहोचवणे, ती चढ-उतारानुसार जुळवून घेणे आणि गरज पडताच थांबवणे ही तीनही कामे हे कुटुंब करते.

रोड सायकलच्या वरच्या दर्जात या कुटुंबाची तीनच मोठी घराणी आहेत. जपानची शिमानो, अमेरिकेची स्राम आणि इटलीची कॅम्पान्योलो. सांगाडा कोणत्याही कंपनीचा असो, त्यावर बहुतेक वेळा या तिघांपैकी एकाचा ग्रुपसेट बसतो. त्यामुळे यांच्यापैकी एखाद्याने सर्वांत वरच्या श्रेणीतला माल बदलला की जगभरच्या सायकलपटूंचे लक्ष तिकडे वळते. शिमानोसाठी ही श्रेणी ‘ड्युरा-एस’, स्रामसाठी ‘रेड’ आणि कॅम्पान्योलोसाठी ‘सुपर रेकॉर्ड’ आहे.

तीन घराणी, हाताच्या तीन सवयी

या तिघांतला खरा फरक ब्रेकच्या लिव्हरमागे हात घातल्यावर कळतो. पूर्वी गिअरच्या कळा सांगाड्याच्या तिरप्या नळीवर असत आणि गिअर बदलण्यासाठी हँडलवरचा एक हात सोडून खाली न्यावा लागे. १९९०च्या सुमारास शिमानोने ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत आणले, तर १९९२ मध्ये कॅम्पान्योलोने ‘एर्गोपॉवर’ या नावाने आपली स्वतंत्र रचना आणली. तेव्हापासून हात हँडलवरून न उचलता गिअर बदलता येऊ लागला. काम तेच असले तरी दोघांनी बोटांना वेगवेगळी भाषा शिकवली.

शिमानोच्या आजच्या इलेक्ट्रॉनिक मुठीत ब्रेकच्या लिव्हरमागे दोन कळा शेजारीशेजारी असतात. एक जड गिअरसाठी, दुसरी हलक्या गिअरसाठी. स्रामच्या वायरविरहित रचनेत प्रत्येक मुठीत एकच मोठी कळ असते. उजवी दाबली की गिअर जड होतो, डावी दाबली की हलका होतो आणि दोन्ही एकदम दाबल्या की पुढची चेनरिंग बदलते. कॅम्पान्योलोची रीत निराळी होती. ब्रेकच्या लिव्हरमागची कळ बोटाने दाबली की चेन मागच्या मोठ्या चकतीवर चढे आणि चढावर पाय हलके होत. मुठीच्या आतल्या बाजूची कळ अंगठ्याने दाबली की चेन लहान चकतीवर उतरे. एका बोटाला एक काम, अंगठ्याला दुसरे. दोन्ही कळा मुठीच्या दोन वेगळ्या बाजूंना असल्याने त्यांची अदलाबदल होण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

यांत्रिक रचनेच्या काळात या अंगठ्याच्या कळीला आणखी एक सुख होते. वरच्या श्रेणीच्या मुठींत ती खोलवर दाबली की एका झटक्यात पाच चकत्यांपर्यंत चेन उतरवता येई. घाटमाथा ओलांडून उताराला लागताच चेन एका दाबात लहान चकत्यांकडे सरकवायची, हा अनुभव कॅम्पान्योलो वापरणाऱ्यांच्या आवडीचा भाग होता. कंपनीने २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक गिअर आणले, तेव्हाही अंगठ्याची कळ तिच्या जागी राहिली. तीस वर्षांत साहित्य बदलले, चकत्या आठावरून बारावर गेल्या, केबलची जागा विजेने घेतली. अंगठ्याचे काम मात्र तेच राहिले.

२०२३ : कळ गेली

मे २०२३ मध्ये ‘सुपर रेकॉर्ड वायरलेस’ आला. कॅम्पान्योलोचा हा पहिला वायरविरहित ग्रुपसेट होता. यात अंगठ्याची कळ नव्हती. तिच्या जागी ब्रेकच्या लिव्हरमागे एकावर एक अशा दोन कळा आल्या. रचना शिमानोची नक्कल नव्हती. तरी दोन्ही कामे पुन्हा एकाच बाजूला, बोटांकडे आली होती.

या बदलाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच होते. हँडलच्या खालच्या वक्र भागाला धरून वेगाने जाताना अंगठा आतल्या कळीपर्यंत पोहोचवणे सर्वांच्या हाताला सोपे जात नसे. शिमानो किंवा स्राम वापरून आलेल्या नव्या ग्राहकाला अंगठ्याची कळ परकी वाटे. बहुसंख्य ग्राहक त्या दोन घराण्यांचे असताना त्यांच्या सवयीजवळ जाणे व्यापारी दृष्टीने शहाणपणाचे दिसते. प्रत्यक्ष वापरून पाहणाऱ्या अनेक परीक्षकांनी ब्रेकची पकड, मुठीचा आकार आणि गिअर बदलण्यातला नेमकेपणा यांची स्तुतीही केली.

जुन्या वापरकर्त्यांची नाराजी वेगळ्या कारणासाठी होती. कॅम्पान्योलो घेणारा ग्राहक ती इतरांपेक्षा स्वस्त आहे म्हणून घेत नाही. तिचे सुटे भाग सर्वत्र मिळतात, असेही नाही. मग तो ती का घेतो? तिचे रूप, तिचा इतिहास आणि हाताला लागलेली तिची लकब ही त्याची उत्तरे असतात. अंगठ्याची कळ ही या लकबीची खूण होती. ती काढल्यावर ‘आता ही आणि बाकीच्या यांत फरक तो काय?’ असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. हा भावनेचा प्रश्न वाटला तरी त्याला व्यवहाराची बाजू होती. थंडीत जाड हातमोजे घातल्यावर जवळजवळच्या दोन कळांमधला फरक बोटांना नीट कळत नाही. चढावर दमछाक झालेली असताना हलक्या गिअरऐवजी चुकून जड गिअर पडला तर पेडल अडते आणि लय मोडते. अंगठा आणि बोट यांच्यात कामाची वाटणी असली की ही गफलत होत नाही.

नाराजीची इतर कारणेही होती. या ग्रुपसेटची युरोपातील किंमत ५,२०० युरोंच्या घरात होती. पुढच्या व मागच्या डिरेलरच्या बॅटऱ्या आकाराने भिन्न होत्या. एक संपली तर दुसरी काढून तिच्या जागी बसवता येत नसे. स्रामच्या रचनेत ही सोय असल्याने तुलना अटळ होती. आणि एवढे पैसे मोजल्यावर पुढे मिळणारी सर्वांत मोठी जोडी होती ५० व ३४ दात्यांची.

दात्यांचे गणित आणि मनाचे गणित

या शेवटच्या मुद्द्याकडे थोडे बारकाईने पाहावे लागते, कारण येथे आकडे एक सांगतात आणि सायकलपटू दुसरेच बोलतात.

गिअर किती जड, हे पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागून कळते. वर्षानुवर्षे शर्यतीच्या सायकलवर पुढे ५३ आणि मागे सर्वांत लहान ११ दाते असत. भागाकार येतो ४.८२. म्हणजे पेडलचा एक फेरा पूर्ण झाला की मागचे चाक जवळपास पावणेपाच फेऱ्यांहून थोडे अधिक फिरते. सुपर रेकॉर्ड वायरलेसमध्ये पुढे ५० असले तरी मागची सर्वांत लहान चकती १० दात्यांची होती. भागाकार येतो बरोबर ५. चाकाचा परीघ २.१ मीटर आणि पेडलची गती मिनिटाला ९० फेरे धरली, तर ५३ व ११ च्या जोडीवर ताशी सुमारे ५४.६ किलोमीटर वेग मिळतो, ५० व १० वर सुमारे ५६.७. कागदावर पाहिले तर लहान दिसणारी नवी जोडीच अधिक वेगवान होती.

तरीही मोठ्या चेनरिंगची मागणी थांबली नाही आणि त्यामागे केवळ मिरवण्याची हौस नव्हती. चेनचा प्रत्येक दुवा चकतीवर चढताना आणि उतरताना वाकतो. चकती जितकी लहान, तितका तो अधिक वाकतो आणि तितकी शक्ती घर्षणात जाते. तोच गिअर मोठी चेनरिंग आणि मोठी चकती घेऊन साधला तर चेन कमी वाकते व ती सरळ रेषेत राहण्याची शक्यताही वाढते. वाचणारी शक्ती अगदी थोडी असते. सकाळी चाळीस किलोमीटर फिरून कामावर जाणाऱ्याला ती जाणवणार नाही. पाच तासांच्या शर्यतीत शेवटच्या दोनशे मीटरसाठी जपून ठेवलेल्या ताकदीत मात्र तिचा हिशेब होतो. व्यावसायिक शर्यतींत अलीकडे ५४ आणि ५५ दात्यांची चेनरिंग नेहमीची झाली आहे, ती यामुळेच.

सुपर रेकॉर्ड १३ मध्ये कंपनीने ४५ व २९ पासून ५५ व ३९ पर्यंत चेनरिंगच्या जोड्यांची लांब यादी दिली. प्रवासी चढवय्यापासून शर्यतवीरापर्यंत सर्वांना आपल्या पायाजोगे काही सापडावे, हा त्यामागचा हेतू दिसतो. अंगठ्याच्या कळीइतकीच ही यादी २०२३च्या तक्रारींचे उत्तर होती.

तेरावी चकती कोणासाठी?

चकत्यांची संख्या वाढत जाण्याचा इतिहास जुना आहे. कॅम्पान्योलोने २००० मध्ये दहा, २००८ मध्ये अकरा आणि २०१८ मध्ये बारा चकत्या आणल्या. २०२० मध्ये खडबडीत रस्त्यांसाठीच्या ‘एकार’ या ग्रुपसेटमध्ये तिने तेरा चकत्या दिल्या होत्या, पण तेथे पुढे एकच चेनरिंग होती. प्रत्येक टप्प्यावर ‘आणखी एक चकती कोणी मागितली होती?’ हा प्रश्न विचारला गेला. तो या वेळीही विचारला गेला.

उत्तर दोन गरजांच्या ओढाताणीत आहे. चालवणाऱ्याला चढासाठी खूप हलका गिअर हवा असतो आणि सपाटीवर दोन शेजारच्या गिअरमध्ये अंतर कमी हवे असते. सध्याच्या बारा चकत्यांच्या एका प्रचलित संचात ११ ते ३४ दाते असतात. त्यात १५ नंतर थेट १७ दात्यांची चकती येते. १७ वर मिनिटाला ९० फेरे मारणारा सायकलपटू त्याच वेगात १५ वर गेला की त्याचे फेरे एकदम ७९ वर येतात. मध्ये १६ दात्यांची चकती असती तर ते ८५ च्या आसपास राहिले असते. गटातून वाऱ्याला तोंड देत जाताना हा फरक मांड्यांना लगेच जाणवतो. तेरावी चकती मिळाल्यावर रचनाकाराला पर्याय मिळतो. अशी एखादी रिकामी जागा भरता येते, किंवा टोकाला आणखी एक मोठी चकती लावता येते.

ही सोय फुकट मिळत नाही. चकत्या वाढतात, तशा त्या आणि चेन दोन्ही अरुंद होतात. डिरेलर अधिक नेमका बसवावा लागतो, हँगर किंचित वाकला तरी गिअर अडखळतात. झिजल्यावर बदलायचे भाग महाग होतात आणि ते प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. म्हणून तेराव्या चकतीबद्दलच्या प्रतिक्रिया दुभंगलेल्या राहिल्या. लांब घाट चढणाऱ्यांना आणि शर्यतीत उतरणाऱ्यांना तिचा अर्थ कळतो; घरीच सायकल दुरुस्त करणाऱ्यांना ती उपद्व्याप वाटते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

जे परत आले नाही

अंगठ्याची कळ परत आल्याच्या आनंदात एक खंत तशीच राहिली आहे. केबलने चालणारा यांत्रिक ग्रुपसेट वरच्या श्रेणीतून जवळजवळ हद्दपार झाला आहे. शिमानोने २०२१ मध्ये ड्युरा-एसची नवी आवृत्ती आणली, ती केवळ इलेक्ट्रॉनिक होती. २०२४ मध्ये आलेला स्रामचा नवा रेडही तसाच. सुपर रेकॉर्ड १३ मध्येही केबल नाही आणि जुन्या पद्धतीचे, चाकाच्या कडेला धरणारे रिम ब्रेकही नाहीत.

इलेक्ट्रॉनिक गिअरचे गुण कोणी नाकारत नाही. केबल ताणली जाणे, गंजणे, आवरणात अडकणे या कटकटी संपतात आणि दरवेळी गिअर सारख्याच नेमकेपणाने बदलतो. परंतु यांत्रिक गिअर बिघडला तर एक आळीची किल्ली, थोडी केबल आणि रस्त्याकडेची सावली एवढ्यावर तो दुरुस्त होतो. इलेक्ट्रॉनिक गिअर बिघडला तर बॅटरी, मोटर, जोडणी की मुठीतली कळ, हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागते. वीस वर्षांपूर्वीचा यांत्रिक डिरेलर आजही धुऊन-पुसून चालतो. आजच्या इलेक्ट्रॉनिक डिरेलरसाठी वीस वर्षांनी बॅटरी मिळेल काय, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. ५,२०० युरो देऊन २०२३ची आवृत्ती घेतलेल्या आणि दोनच वर्षांत तिच्याहून स्वस्त, अधिक सोयीची आवृत्ती पाहणाऱ्या ग्राहकाच्या मनात तो प्रथम येतो.

किंमत, शर्यत आणि व्हिचेंझा

नव्या ग्रुपसेटची किंमत युरोपात ४,३०० युरोंच्या आसपास ठेवली गेली. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे ४ लाख २० हजार रुपये होते. आपल्याकडे येताना लागणारा आयात कर आणि वाहतूक वेगळी. सायकलचा सांगाडा आणि चाके त्याहून वेगळी. आधीपेक्षा किंमत उतरली हे खरे, पण ती एका लहान मोटारगाडीच्या किमतीशी स्पर्धा करते हेही तितकेच खरे. ‘स्वस्त झाला’ असे म्हणणारे आणि ‘हे सामान्यांसाठी नाहीच’ असे म्हणणारे, दोघांकडेही पुरावा आहे.

कंपनीची गरजही समजून घ्यावी लागते. तादेय पोगाचार याने २०२० आणि २०२१ मध्ये टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हा त्याच्या सायकलवर कॅम्पान्योलोचा ग्रुपसेट होता. २०२३ पासून त्याचा संघ शिमानोकडे गेला. २०२४ मध्ये पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीतल्या, म्हणजे वर्ल्ड टूरच्या, एकाही संघाकडे कॅम्पान्योलो नव्हते. एके काळी शर्यतीच्या सायकलचे दुसरे नाव असलेल्या कंपनीसाठी ही मोठी पीछेहाट होती. २०२५ मध्ये फ्रान्सच्या कोफिदिस संघाबरोबर ती परतली. शर्यतीच्या अंगणात पुन्हा दिसणे आणि जुन्या चाहत्यांना पुन्हा जिंकणे, ही दोन्ही कामे तिला एकाच वर्षी करायची होती.

या धडपडीची किंमत केवळ ग्राहक मोजत नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये इटलीतून बातम्या आल्या की, कंपनीने व्हिचेंझा येथील सुमारे १२० कामगार कमी करण्याचा प्रस्ताव कामगार संघटनांपुढे ठेवला आहे. तेथील मनुष्यबळाचा हा सुमारे ४० टक्के भाग होता. कळ परत आणल्याने कंपनीला वाहवा मिळाली. वाहवा आणि विक्री या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. ज्यांनी सर्वांत जोरकसपणे कळ परत मागितली, त्यांच्यापैकी किती जण साडेचार हजार युरोंजवळची रक्कम मोजू शकतात, हा व्हिचेंझातील कारखान्यासाठी जगण्याचा प्रश्न आहे.

बोटांच्या गोष्टीतून उभी राहिलेली कंपनी

या कंपनीच्या जन्मकथेतच बोटे आहेत. तुल्लिओ कॅम्पान्योलो हे व्हिचेंझाचे, जन्म १९०१चा. १९२०च्या दशकात उत्तर इटलीतील क्रोचे द’आउने या घाटात शर्यत चालू असताना गिअर बदलण्यासाठी त्यांना मागचे चाक काढायचे होते, असे सांगितले जाते. त्या काळी मागच्या चाकाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या असत आणि गिअर बदलायचा म्हणजे चाक काढून उलटे बसवायचे. चाक पंखाच्या आकाराच्या नटांनी आवळलेले असे. थंडीने गारठलेल्या बोटांना ते सुटेनात आणि शर्यत हातची गेली. त्या अनुभवातून चाक झटकन सोडवणारी कळ सुचली, अशी आख्यायिका आहे. तपशिलांबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, पण १९३०च्या दशकात उभ्या राहिलेल्या त्यांच्या कारखान्याने जगाला ती कळ दिली, यात शंका नाही. चाक काढण्याची ती रीत पुढे कित्येक दशके जगभरच्या सायकलींवर राहिली.

थंडीत बोटांना काय जमते आणि काय जमत नाही, हा तेव्हाचाही प्रश्न होता आणि २०२३च्या नाराजीतलाही. त्या नाराजीला केवळ जुन्याची ओढ म्हणणे म्हणूनच अपुरे पडते. यंत्राची पारख करताना सायकलपटू आपल्या हाताच्या अनुभवाला प्रमाण मानत होते आणि हे प्रमाण कंपनीच्या स्वतःच्या परंपरेतलेच होते.

गोव्यातील सायकलपटूने यातून काय घ्यावे?

गोव्यात रोड सायकल आता अपूर्वाईची राहिलेली नाही. २०१९ मध्ये मिरामारहून आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा प्रथम झाली. पोहणे आणि धावणे यांच्या मधल्या ९० किलोमीटर सायकलिंगसाठी देशभरातून उत्तम सायकली येथे आल्या आणि वरच्या दर्जाचे ग्रुपसेट अनेकांना जवळून पाहता आले. बेळगावच्या वाटेवरचा चोर्ला घाट तर दोन्ही बाजूंच्या सायकलपटूंच्या परिचयाचा आहे.

त्या घाटातच गिअरची खरी निवड होते. पुढे ३४ आणि मागे २९ दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.४६ मीटर पुढे जाते. मागे ३६ दाते असतील तर ती १.९८ मीटर जाते. प्रत्येक फेऱ्याला जवळपास अर्ध्या मीटरचा भार कमी होतो. फेरे वाढतात, पण गुडघे वाचतात. हा लाभ घ्यायला चार लाखांचा ग्रुपसेट लागत नाही. मोठ्या चकतीची कॅसेट आणि तिला झेपणारा डिरेलर मधल्या श्रेणीतही मिळतो. महागड्या ग्रुपसेटमध्ये जास्तीचे पैसे मुख्यतः हलक्या वजनाला, साहित्याला आणि शेवटच्या टप्प्यातल्या सफाईला जातात.

दुसरी गोष्ट हवेची. किनाऱ्यावरची खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस चेनला व बोल्टना सोडत नाही. केबल नसल्याने तिच्या आवरणात गंज धरण्याचा प्रश्न मिटतो. चेन, चकत्या आणि डिरेलरच्या लहान चाकांची निगा मात्र तितकीच राखावी लागते. अरुंद, महागड्या चेनला दुर्लक्ष अधिक महागात पडते. खारे पाणी आणि चिखल धुऊन काढणे, चेन कोरडी करून तेल देणे आणि तिची झीज मापकाने तपासत राहणे हे काम कोणतीही बॅटरी करणार नाही. सुटा भाग कोठून आणि किती दिवसांत येईल, हे खरेदीपूर्वी विचारून घेणे सर्वांत शहाणपणाचे. जवळच्या दुकानदाराच्या हाताला ज्या घराण्याची सवय आहे, ते घराणे अनेकदा अधिक सोयीचे ठरते.

तिसरी गोष्ट हाताची. ग्रुपसेट निवडताना वजनाचे व किमतीचे तक्ते पाहिले जातात, मुठीत हात घालून पाहण्याची संधी क्वचितच घेतली जाते. पंजा लहान की मोठा, बोटे कळीपर्यंत सहज पोहोचतात का, खालच्या वक्र भागाला धरल्यावर ब्रेक पुरेसा दाबता येतो का, हातमोजे घातल्यावर दोन कळांतला फरक कळतो का, या प्रश्नांची उत्तरे तक्त्यात नसतात. ती दुकानात दहा मिनिटे उभे राहून किंवा मित्राची सायकल एका सकाळपुरती चालवून मिळतात.

कंपन्यांसाठीही या प्रकरणात धडा आहे. २०२३ मध्ये कॅम्पान्योलोने इतरांच्या ग्राहकांकडे पाहून आपली खूण पुसली आणि आपलेच ग्राहक दुरावले. दोन वर्षांनी तिने ती परत आणली, चेनरिंगची यादी वाढवली आणि किंमतही उतरवली. ग्राहकाचे ऐकणे पुरेसे ठरेल की नाही, हे व्हिचेंझातील कामगारांचे पुढील दिवस ठरवतील. सायकलपटूंनी मात्र आपले मत नोंदवले आहे. वेग वाढवणाऱ्या प्रत्येक नव्या सोयीचे ते स्वागत करतील. हातात बसलेली गोष्ट काढून घेणार असाल, तर तिच्या बदल्यात काय देता हे आधी सांगावे लागेल.